दऱ्यांचा र आणि गोठवण्याची तारीख

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. विषयही ऐकायला रुक्ष आहे. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी माणसं ‘आता यापुढे हा भाग बदलायचा नाही’ असं कधी ठरवतात, आणि कशाच्या जोरावर ठरवतात, त्याचा हा थोडासा इतिहास. पण यातलं एक गोठवणं थेट आपल्या मराठीवर, यादीतल्या नावांवर, सातबाऱ्यावरच्या आडनावांवर येऊन बसलंय आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

हे दोन शब्द बघा : ‘शेतकऱ्याला’ आणि ‘शेतकर्‍याला’. बहुतेकांच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतील. पण संगणकाच्या लेखी पहिल्यात 10 खुणा आहेत, दुसऱ्यात 11. एकास एक जुळवून शोधणाऱ्या कुठल्याही यंत्रणेसाठी हे दोन निराळे शब्द आहेत. आमच्या आपट्यातल्या एका शेजाऱ्यांच्या आडनावात हाच र आहे. एका सरकारी यादीत त्यांचं नाव ऑनलाइन सापडेना. कागदावर छापलेलं समोर दिसतंय आणि संगणक म्हणतोय, माहिती उपलब्ध नाही. दुसऱ्या पद्धतीचा र टाकून पाहिला, लगेच सापडलं. खिडकीपलीकडच्या बाईंचं मत मात्र असं पडलं की आम्हीच शुद्धलेखन चुकलो.

कुणाचंच शुद्धलेखन चुकलं नव्हतं. हे असं का झालं ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल, आणि आपटेकर असल्यामुळे मी रुळांवरूनच येणार.

हो, तेच आपटा स्टेशन. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगातलं. अजूनही कुणी ना कुणी हात पुढे करून फोटो काढत असतं. तर, पनवेलहून आपट्यापर्यंत रूळ आले 1960च्या दशकात, आणि पुढे रोह्यापर्यंत जायला 1986 साल उजाडलं. मधली वीसेक वर्षं आमचं गाव म्हणजे लाइनीचं शेवटचं टोक. मग रोह्यापुढे कोकण रेल्वे झाली, 1998 साली ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. मंगळूरहून निघालेला डबा आपट्यावरून दिव्याकडे जाताना कुठेही अडला नाही, कारण दोन रुळांमधलं 1676 मिलिमीटर अंतर डलहौसीच्या काळात, 1850च्या दशकाच्या सुरुवातीला, ठरून गेलं होतं. तोच सगळ्यात चांगला आकडा होता का? त्यावर तेव्हाही वाद होते. पण पहिला रूळ पडेपर्यंतच तो वाद होता. हजारो डबे आणि इंजिनं त्या मापाची झाल्यावर तो नुसता आकडा राहिला नाही, लोकांमधला करार झाला.

पुढे 1870च्या सुमारास मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटरगेज आणलं, काही ठिकाणी त्याहून अरुंद रूळ टाकले. त्याची किंमत कुर्डुवाडीच्या हमालांनी दिली. मेन लाइनच्या डब्यातला माल उतरवायचा आणि बार्शी लाइटच्या डब्यात चढवायचा. मिरजेत तर काही काळ तिन्ही मापांचे रूळ होते. सगळं एका मापात आणायचा मोठा कार्यक्रम रेल्वेने 1992 साली हाती घेतला.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या मापाला एबीआय म्हणतात, म्हणजे दोन तयार प्रोग्रॅम एकमेकांना जिथे भेटतात तो सांधा. प्रोग्रॅम एकदा बांधून, म्हणजे कंपाइल होऊन बाहेर पडला की त्याच्या पोटात बारीक बारीक गृहीतकं पक्की झालेली असतात. अमुक काम या नावाने मागायचं, पहिली किंमत या जागी ठेवायची, तमुक माहिती आठव्या बाइटपासून सुरू होते. सिस्टिमवाल्यांनी हे बदललं तर मूळ सोर्स कोड ज्याच्याकडे आहे तो पुन्हा बांधून घेईल. पण ज्याच्याकडे फक्त तयार प्रोग्रॅम आहे, आणि ज्याने तो लिहिला ती कंपनी केव्हाच बंद पडली आहे, त्याने काय करायचं?

म्हणून गोठवायचं. आता कधी? लवकर गोठवलं तर कच्च्या कल्पना कायमच्या गळ्यात पडतात. उशीर केला तर तोवर लोकांनी त्यावर घरं बांधलेली असतात आणि ती पाडावी लागतात.

याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. 2010 साली लिनक्सची फेडोरा 14 ही आवृत्ती आली आणि लोकांच्या फ्लॅश व्हिडिओंचा आवाज फाटू लागला. सिस्टिमच्या मूळ लायब्ररीत, ग्लिबसीमध्ये, मेमरीतला मजकूर इकडून तिकडे न्यायचं एक छोटं काम असतं. नव्या प्रोसेसरवर वेग मिळावा म्हणून काही वेळा ते शेवटाकडून सुरुवातीकडे करू लागले. नियमात बसणारंच होतं. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येऊ देऊ नका, असं कागदपत्रांत पहिल्यापासून लिहिलेलं आहे. फ्लॅशने तो नियम मोडला होता, पण जुन्या पद्धतीत तो खपून जात होता. लायब्ररीवाले म्हणाले, चूक फ्लॅशची. लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या तक्रारीत उतरला आणि त्याचं म्हणणं असं की वापरणाऱ्याला चूक कुणाची याच्याशी देणंघेणं नाही, काल चालत होतं ते आज चालत नाही एवढंच त्याला दिसतं. 2011च्या आवृत्तीत तोडगा निघाला. एकाच कामाला दोन शिक्के. जुने प्रोग्रॅम जुन्या शिक्क्याने मागतील त्यांना सुरक्षित जुनी वागणूक, नवे बांधले जातील त्यांना नवी. तो जुना शिक्का अजून तिथेच आहे.

म्हणजे गोठतं ते कागदावर लिहिलेलं नव्हे, तर लोक ज्यावर विसंबले ते. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

लिनक्स कर्नलने यावर आपल्यापुरतं उत्तर काढलंय. बाहेरच्या प्रोग्रॅमांकडे बघणारा सांधा कधीच मोडायचा नाही, आणि आतला, ड्रायव्हरांशी जोडणारा, कधीच गोठवायचा नाही. दुसऱ्या नियमाचा फटका मोबाइल कंपन्यांना बसायचा, कारण त्यांचे ड्रायव्हर बाहेरच राहायचे. शेवटी गूगलने अँड्रॉइड 12 आणि 5.10 या कर्नलपासून दर कर्नल आवृत्तीला एक तारीख ठरवून तो आतला सांधा आपल्यापुरता गोठवायला सुरुवात केली.

मला सगळ्यात आवडते ती डेबियनची रीत, कारण तिथे कुणी मालक नाही, जगभरातले स्वयंसेवक आहेत, आणि तरी तारीख पाळतात. 9 ऑगस्ट 2025ला आलेल्या डेबियन 13साठी पहिलं गोठवणं 15 मार्चला झालं, आणि त्या दिवशी बंद झाले ते लायब्ररींचे सांधे बदलणारे बदल. बाकीच्या दुरुस्त्या पुढे चालू. आधी पाया थांबवायचा, मग भिंती, रंग सगळ्यात शेवटी. त्याच आवृत्तीत त्यांना 2038चा प्रश्नही सोडवायचा होता. जुन्या 32 बिटी यंत्रांत सेकंद मोजणारा आकडा 19 जानेवारी 2038 रोजी आपल्या घड्याळाने सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनंतर उलटणार आहे. 32 बिटी एआरएम यंत्रांसाठी त्यांनी शेकडो लायब्ररी बदलून मोठा आकडा आणला. पण जुन्या 32 बिटी इंटेलसाठी मुद्दाम नाही आणला. का, तर ती आवृत्ती आता लोक मुख्यतः जुने तयार प्रोग्रॅम चालवायलाच वापरतात, आणि सांधा बदलला तर तिचं प्रयोजनच संपतं. एकाच घरात, एकाच वर्षी, एका यंत्रासाठी मोडायचं आणि दुसऱ्यासाठी मोडायचं नाही! वरवर विसंगत वाटतं, पण मला ते पूर्ण पटतं. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारला होता, की यावर कोण विसंबून आहे.

आता मराठीकडे. अक्षराला कुठला आकडा द्यायचा हासुद्धा असाच सांधा आहे, किंबहुना सगळ्यात खालचा. कर्नल बदलेल, फोन बदलेल, पण 1995ची फाइल 2045 साली उघडली तर ‘क’चा आकडा ‘क’चाच असायला हवा.

भारतीय लिप्यांसाठी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1983 साली पहिला आराखडा केला. 1988 साली सुधारित रूप आलं, तेच इस्की. त्यामागचं बरंचसं काम आयआयटी कानपूरमधलं, मोहन तांबे आणि मंडळींचं. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि जिस्ट कार्ड नावाने डॉसच्या संगणकांत बसलं. कार्ड खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमात मराठी टाइप व्हायचं. त्या काळात हे अचाटच होतं. मग आणखी सुधारणा होऊन 1991 साली भारतीय मानक ब्युरोने आयएस 13194 हे पक्कं मानक काढलं.

घोटाळा तारखांचा आहे. तिकडे युनिकोडची पहिली आवृत्ती छापली गेली ऑक्टोबर 1991मध्ये, आणि त्यातली देवनागरी बेतली होती 1988च्या इस्कीवर. आपलं मानक ज्या वर्षी पक्कं झालं त्याच वर्षी त्याच्या आदल्या रूपावरून जगाचं मानक तयार झालं. यात मी त्यांना दोष देत नाही. हातात होतं ते त्यांनी घेतलं, आणि आपल्या समित्यांसाठी थांबले असते तर अजून थांबलेच असते.

शिवाय दार लगेच बंद झालं नव्हतं. 1996च्या आवृत्ती 2.0पर्यंत फट होती, आणि तिचा फायदा कोरियाने घेतला. त्यांना त्यांची सगळीच्या सगळी 11,172 आधुनिक अक्षरं ओळीने हवी होती. त्यासाठी जुन्या जागेवरची 6,656 अक्षरं उठवून सगळा संसार नव्या पट्ट्यात हलवला. ज्यांनी तोवर जुन्या आकड्यांत फाइली साठवल्या होत्या त्यांच्या फाइली निकामी झाल्या. 1999मध्ये त्या रिकाम्या घरांत चिनी चित्राक्षरं राहायला आली, म्हणजे तेव्हाची कोरियन फाइल आज उघडली तर चिनीसारखं काहीतरी दिसेल. या प्रकाराने सगळेच हादरले आणि नियम झाला की 2.0पासून पुढे कुठलंही अक्षर हलवायचं नाही, काढायचं नाही. चुकीचं असलं तरी नाही. आपली देवनागरी होती तशी आत राहिली.

आता तो र. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा र. हिंदीला हा भेद लागत नाही. आपल्याला पावलोपावली लागतो. शेतकरी, कर्मचारी, अधिकारी, सातबारा यातल्या कुठल्याही शब्दाला विभक्ती लावा, तो र हजर. त्याच्याशिवाय मंत्रालयातून एक परिपत्रक निघायचं नाही. तरी देवनागरीच्या तक्त्यात त्याला स्वतःचं घर नाही. इस्कीने युक्ती काढली होती. दाक्षिणात्य भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी नुक्त्याचा ऱ ठेवला होता, त्याचाच पाय मोडून पापणी काढायची. युनिकोडच्या 2.0मध्ये मात्र वेगळीच रीत होती, साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक. नंतर त्यांनी इस्कीची रीत मुख्य म्हणून घेतली आणि 2.0वाली ‘सुसंगतीसाठी’ शेजारी ठेवून दिली. ग्लिबसीचे दोन शिक्के आठवा. फरक एवढाच की तिथे जुना शिक्का यंत्र वापरतं, माणसाला तो दिसत नाही. इथे दोन्ही शिक्के माणसांच्या की-बोर्डवर आले. कुणाचा की-बोर्ड ऱ काढतो, कुणाचा जोडक, आणि दोघांनाही पडद्यावर तेच दिसतं.

आणि नियमांच्या हिशेबात हे दोन लेखन ‘समान’ धरले जात नाहीत. युनिकोडच्या समानतेच्या नियमात ऱ म्हणजे र अधिक नुक्ता. मराठीत नुक्ता नसताना आपल्या वऱ्हाडात नुक्ता शिरलाय तो असा. समानतेचे हे नियमही पुढे गोठवले गेले.

‘ॲ’ची गोष्ट याच जातीची. ॲपमधला, बॅटच्या कुळातला. त्याला स्वतंत्र आकडा मिळाला 2008च्या 5.1 आवृत्तीत. तोवर लोकांनी हिंदीकडचा ‘ऍ’ वापरला, किंवा अ लिहून वर चंद्र चढवला. राज्य सरकारने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, छानच केलं, पण तोवर तिन्ही पद्धतींनी ढीगभर मजकूर साठला होता आणि अजून साठतोय.

दरम्यान 2000 साली विंडोज 2000 आलं आणि पहिल्यांदा मराठी सिस्टिमच्या आतून दिसायला लागलं. तिच्यातला मंगल हा फॉन्ट कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशींनी मुंबईत केलेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अक्षरं जोडणारा मायक्रोसॉफ्टचा भाग जसा वागला तसं वागणं हेच पुढे मानक बनलं. काही वर्षांनी त्यांना जोडाक्षरांची रीत सुधारायची होती. व्हिस्टाच्या सुमारास त्यांनी फॉन्टमधली जुनी ‘देव’ ही खूण तशीच ठेवली आणि नवी ‘देव2’ आणली. जुना फॉन्ट जुन्या रीतीने, नवा नव्या. आज क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस वापरतात ते हार्फबझ मायक्रोसॉफ्टच्या वागणुकीशी ताडून पाहिलं जातं, आणि त्यात त्यांच्या चुकांसकट वागण्याचा एक खास पर्यायसुद्धा आहे. हसू नका, हेच शहाणपण आहे.

उलट बाजूही बघा. ज्यांनी काहीच गोठवलं नाही ते आपले डीटीपीवाले फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती, योगेश, प्रत्येकाचे आकडे वेगळे. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी तुकडे बसवलेले. फॉन्ट हरवला की मजकुराच्या जागी इंग्रजी चिन्हांची भेळ. 1990च्या दशकातली किती पुस्तकं, स्मरणिका, कार्यालयीन पत्रं आज त्या भेळेत अडकली आहेत ते आजही जुन्या छापखान्यात जाऊन विचारा. युनिकोड कितीही वाकडं गोठलेलं असो, त्यातली 2000 सालची फाइल आज उघडते. मी तरी वाकडं पण गोठलेलं घेईन.

माझी तक्रार वेगळी आहे. गोठवण्याआधी एक खिडकी उघडी असते. युनिकोडची नवी आवृत्ती हल्ली बहुतेक दर सप्टेंबरला येते, त्याआधी तिचा मसुदा बीटा म्हणून जगासमोर ठेवतात, आणि सूचना कुणीही पाठवू शकतं. त्या खिडकीत उभा राहणारा माणूस पगार देऊन ठेवणं हे राज्याचं काम आहे. 3 ऑक्टोबर 2024ला अभिजात दर्जाचा निर्णय झाला तेव्हा पेढे वाटले, मीही खाल्ले. पण भाषेच्या नावाने जी खाती आणि संस्था आहेत त्यांच्या कामाच्या यादीत ‘कोड’ हा शब्द असायला हवा.

आणि जे गोठलंय ते न मोडताही बरंच करता येतं. सरकारी याद्यांच्या शोधात जोडकवाला र आणि ऱ एकच धरायचे, ऍ, ॲ आणि चंद्र चढवलेला अ एकच धरायचे. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, फक्त शोधताना दोन्ही बाजू एका साच्यात आणायच्या. हे काम चार-पाच ओळींचं आहे. त्या ओळी मी पहिल्या कमेंटमध्ये टाकल्या आहेत, कुणालाही उचलून वापरता येतील. तुमच्या आडनावात कुऱ्हाड, वऱ्हाड, कऱ्हाड असं काही असेल तर तुमच्या की-बोर्डवर तो र टाइप करून खाली लिहा. कुठला की-बोर्ड कुठला र काढतो याची यादी करतोय.